शेऱ्याचा रकाना

आधी कुणालाच कळवलं नाही.
बेळगावहून पहिली गाडी, नंदगडच्या पुढं फाट्यावर उतरले,
ओळखपत्र पर्सच्या तळाशी घातलं
आणि रांगेत उभी राहिले.
केसपेपर नंबर त्रेसष्ट. सुट्टे द्या.

घड्याळ लावलं. नऊ.
तक्त्यातला पहिलाच प्रश्न तो:
नोंदणीपासून डॉक्टरपर्यंत किती मिनिटं.
पुढच्या बाईनं मान वळवून विचारलं,
"तुमचं काय दुखुलालंय?"
आणि मला, पंधरा वर्षं दवाखाने तपासणारीला,
पटकन दुखणं सुचेना.
गुडघा, म्हटलं. अगदीच खोटं नव्हतं.

तानुबाई घाडी. घोटगाळीच्या वरच्या अंगाची.
चारला निघालेली, रानातून चालत,
मग दुधाच्या टेम्पोत कॅनला धरून.
म्हणजे घड्याळ मी लावलं
त्याच्या पाच तास आधीच ते चालू झालं होतं.
तक्त्यात हे बसत नाही.

साडेदहाला ओळखपत्र काढलं.
सगळा व्हरांडा पोटात श्वास ओढून उभा राहिला.

बीपीच्या यंत्राचा पट्टा: सुतळीनं बांधलेला, माप बरोबर. अंशतः.
हात धुण्याच्या सहा पायऱ्या: भिंतीवर आहेत.
पाणी: दुपारी येतं. नाही.
तपासणीच्या खाटेला पडदा: आहे, वीतभर आखूड.
उरलेल्या विताच्या जागी
सिस्टर फिलोमिना सोज पाठ करून उभी राहते.

डॉक्टर कडेमनी विचारतात, "एष्ट दिन आत्री?"
तानुबाई सांगते, "भात कापल्यापासून."
कन्नड प्रश्न, मराठी उत्तर,
दोघींचं कुठं अडत नाही.
एकदाच अडलं.
"जिना चढलं की जीव घाबरा होतो," तानुबाई म्हणाली.
डॉक्टरांनी 'गाबरी' ऐकलं, म्हणजे भीती,
आणि झोपेच्या गोळीकडं पेन वळलं.
पडद्याकडून, मागं न बघता, सिस्टर:
"अंजिकि अल्ल डॉक्टर, दम्म हत्ततैति."
भीती नाही, धाप.
पेन थांबलं. इसीजीची चिठ्ठी निघाली.

भाषा-साहाय्यक नेमलेला आहे काय?
नाही. शून्य.

औषधखिडकीत इराण्णा हुद्दार
पाकिटांवर बॉलपेननं सूर्य काढतो.
सकाळचा अर्धा, डोंगरामागं. दुपारचा पुरा.
रात्रीला चंद्र, चंद्राखाली भाकरी: जेवून घ्या.
छापील लेबल: नाही. शून्य.

मग तक्रारपेटी.
किल्ली मिळायला वीस मिनिटं गेली.
आत कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं,
धूळ,
आणि एक औषधाचं पाकीट.
चिठ्ठी नाही, चपाटा नाही.
सूर्य, चंद्र, भाकरी.
दहातल्या सहा गोळ्या शिल्लक.

हिला तक्रार म्हणू?
बरं वाटलं, दुसऱ्या कुणाला होतील, म्हणून टाकलं असेल?
की घ्यायला माणूसच उरलं नाही म्हणून?

इराण्णानं पाकीट उजेडात धरलं.
"भाकरी मी श्रावणापासून काढतोय.
म्हणजे त्याच्यानंतरचं."
नाव ओलीनं गेलेलं. शेवटचं तेवढं वाचता येत होतं:
'व्वा'.
मल्लव्वा, कल्लव्वा, सिद्दव्वा...
एका हातानं तो खिडकीतून गोळ्या देत राहिला,
दुसऱ्यानं रजिस्टर उलटं चाळू लागला.
मी तिथं आहे हे विसरला.

शेऱ्याचा रकाना दोन ओळींचा असतो.
मी एक लिहिली, खोडली,
टक्केवारी काढून सही केली.

पाचव्या दिवशी ऑफिसात फोन.
"मॅडम, हुद्दार बोलतोय. श्रावणानंतरच्या
सतरा व्वा निघाल्या. अकरा भेटल्या, खडखडीत.
उरलेल्या सहांच्यात रविवारी गाडी मारतो."
कागद तोवर वर गेला होता.
"आणि तानुबाई?" मी विचारलं.
"ती आत्ता रांगेत आहे," तो म्हणाला. "थांबा,
तिचा नंबर आला."